तीन महिने आणि एक सेमिस्टर

कॉलेजच्या जिन्याजवळचा हा फलक. वर ठळक अक्षरांत 'अंतर्गत तक्रार समिती', खाली नावं आणि फोन नंबर. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार ही समिती हवीच. अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका, किमान निम्म्या महिला, बाहेरच्या संस्थेतलं एक माणूस. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही. कुलगुरू, डीन, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही. ते बरंच आहे.

पण फलक वाचून कुणी तडक तक्रार करायला जात नाही. आधी मनात हिशेब होतो. इंटर्नलचे मार्क कुणाच्या हातात? व्हायवा कोण घेणार? पीएचडी असेल तर गाईडची सही. मैत्रिणी म्हणतात, "एवढा रिझल्ट लागू दे, मग बघू." सल्ला मायेचा, पण महागात पडणारा. कारण तक्रारीची मुदत आहे घटनेपासून तीन महिने, आणि सेमिस्टर त्याहून लांब चालतं. आधी येणं का जमलं नाही हे समितीला पटलं, तर ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. हे फलकावर सहसा लिहिलेलं नसतं.

मार्कांच्या भीतीवरही नियमांत उपाय आहे. चौकशी चालू असेपर्यंत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रार करणाऱ्या मुलीचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं. अर्जातच तशी मागणी करावी.

अर्ज लेखी हवा. लिहायला जमत नसेल तर मदत करणं समितीचं काम. तोंडी सांगितलं की "बघतो हं" यावर भागतं. कागदावर आवक क्रमांक पडला, पोहोच हातात आली, की चौकशीचे ९० दिवस मोजता येतात. तोवर एक वाक्य कानावर येतंच: "घरी कशाला कळवायचं, आपसात मिटवून टाका." समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात तर मुळीच नाही.

जातीवरून होणाऱ्या छळासाठी दार वेगळं. आयोगाच्या २०१२च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं होतं. २०१९मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली; जातीवरून छळ झाल्याचा आरोप होता. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि २०१६मध्ये आत्महत्या केलेला हैदराबाद विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका वेमुला सुप्रीम कोर्टात गेल्या. मागणी काय, तर असलेले नियम पाळा.

एकाच मुलीच्या वाट्याला दोन्ही आलं, तर तिला दोन्ही दारं ठोठवावी लागतात. शिवाय पोलिसांत जाण्याचा मार्ग आहेच; समितीची चौकशी चालू असली तरी तो बंद होत नाही. तिने तो निवडला, तर तिला मदत करणं ही कॉलेजचीच जबाबदारी आहे.