‘व्हेरी वेल’च्या अलीकडे

अमेरिकेची जनगणना दहा वर्षांनी एकदा होते. पण ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ची प्रश्नावली दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. त्यात पाच वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल तीन छोटे प्रश्न असतात. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलता?

हे प्रश्न १९८० पासून विचारले जातात. त्या वर्षी २ कोटी ३१ लाख लोक घरी दुसरी भाषा बोलत होते. २०१९ मध्ये ते ६ कोटी ७८ लाख झाले, त्यातले चार कोटींहून जास्त स्पॅनिश बोलणारे.

आणि मराठी? नेहमीच्या तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना आपापली ओळ आहे. आपली ओळ अशी: ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’. भाडेकरूंनी वाटून घेतलेली खोलीच म्हणा.

खरी गंमत मात्र तिसऱ्या प्रश्नात आहे. त्याला चार चौकटी: व्हेरी वेल, वेल, नॉट वेल, नॉट ॲट ऑल. परीक्षा नाही, तोंडी चाचणी नाही. घरातलं कुणीतरी एक जण फॉर्म भरतं आणि सगळ्यांच्या वतीने खुणा करतं. वाचता-लिहिता येतं का, हे तर विचारलेलंच नाही. आता ज्या माणसाने उभी हयात इंग्रजीत नोकरी केली, तोही संकोचाने म्हणणार, ‘बरी येते की!’ आणि ‘वेल’वर खूण करून मोकळा होणार.

पण सरकारी हिशेबात रेघ ‘व्हेरी वेल’च्या लगेच खाली ओढलेली आहे. ‘वेल’ म्हणणाराही मर्यादित इंग्रजीवाल्यांतच धरला जातो.

या रेघेवर बरंच काही ठरतं. एखाद्या परिसरात, कायद्यात धरलेल्या भाषांपैकी एकाच भाषेचे असे मतदार-वयाचे नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असले, शिवाय त्यांच्यातली निरक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा अधिक असली, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मतपत्रिकेवर बंगाली आली ती याच मोजणीतून.

मोजणी घरांचीही होते. ज्या घरात चौदा किंवा त्यापुढच्या वयाचं एकही माणूस फक्त इंग्रजी किंवा ‘व्हेरी वेल’ इंग्रजी बोलत नाही, ते घर मर्यादित इंग्रजीचं. तेरा वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर आजीचं दुखणं इंग्रजीत घडाघडा सांगत असली, तरी ती हिशेबात नाही.

पुढच्या वाढदिवसाला ती चौदाची होते. घर यादीतून निघतं. आजीला डॉक्टरांचं बोलणं तेव्हाही तीच समजावून सांगत असते.