कोरी करंगळी

(दृश्य : एका लहानग्याचा डावा हात. करंगळीच्या नखावर मार्करची गडद रेघ.)

निवेदन :

ही रेघ काही दिवसांत पुसट होईल. तोवर तिचं काम झालेलं असतं. पोलिओची फेरी संपली, की तपासणारी माणसं वस्तीत शिरतात आणि भेटेल त्या पोराला म्हणतात, डावा हात दाखव बघू. करंगळीवर खूण असली, तर डोस मिळालाय. करंगळी कोरी असली, तर एक घर सुटलंय.

ही गोष्ट त्या सुटलेल्या घरांची आहे. आणि चाळीसहून अधिक वर्षं त्यांचा माग न सोडणाऱ्या एका क्लबची.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. सभा, फेटाळलेले आणि मंजूर झालेले कागद, लसीकरण केंद्राबाहेरची रांग.)

रोटरीची सुरुवात १९०५ साली शिकागोत झाली. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाला मोठ्या शहरात चार स्नेही हवे होते, एवढंच निमित्त. पुढे क्लब देशोदेशी पसरले आणि आपापल्या परिसरात जमेल ती सेवा करत राहिले. सगळ्या क्लबांनी मिळून एकच काम अंगावर घ्यायचं, ही कल्पना फार उशिरा आली.

२९ सप्टेंबर १९७९. फिलिपिन्समधल्या मकाती इथलं एक आरोग्य केंद्र. रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स बोमार यांनी एका बाळाच्या तोंडात लसीचे थेंब सोडले. त्या देशातल्या सुमारे ६० लाख मुलांना लस देण्याच्या प्रकल्पाची ती सुरुवात होती. देवी रोगाला जगातून हद्दपार केल्याची घोषणा पुढच्याच वर्षी झाली. मग पोलिओ का नाही, हा प्रश्न आता उघडपणे विचारता येत होता.

१९८५ साली रोटरीनं ‘पोलिओप्लस’ची घोषणा केली आणि १२ कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं. तीन वर्षांत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच १९८८ साली जागतिक आरोग्य सभेनं पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र यांच्या बरोबरीनं या आघाडीत एक सेवाभावी क्लब उभा होता. सरकार नसलेल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांचा.

त्या वर्षी १२५हून अधिक देशांत पोलिओ होता. वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. म्हणजे दिवसाला हजाराच्या आसपास. काल अंगणात धावणारं पोर तापानं फणफणायचं आणि ताप उतरला तरी त्याचा पाय उचलायचा नाही. काहींच्या श्वासाचे स्नायू निकामी व्हायचे. ती वाचत नसत.

(दृश्य : निळी लसपेटी उघडते. आइसपॅकच्या मधोमध काचेच्या छोट्या कुप्या.)

आता ही कुपी जरा जवळून पाहू. लेबलवर एक जांभळसर वर्तुळ आहे आणि त्याच्या आत फिकट चौकोन. कुपीला जसजशी उष्णता लागते, तसतसा चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे, तोवर लस चांगली. दोघांचा रंग एक झाला, की कुपी बाद. हातात पेटी घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला प्रयोगशाळा लागत नाही, थर्मामीटर लागत नाही. ती चौकोनाकडे बघते आणि ठरवते. मला या मोहिमेतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पोलिओ संपवता येण्याजोगा आहे, कारण त्याचा विषाणू माणसातच राहतो. जनावरांत तो दडून बसत नाही. लस तोंडावाटे देता येते, सुई टोचावी लागत नाही. पण त्याची खोड अशी, की लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीचे विषाणू घेऊन हिंडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. एक लुळं मूल दिसलं, तर त्याच्यामागे शेकडो न दिसणारी मुलं असतात. म्हणून हातपाय अचानक लुळे पडलेल्या प्रत्येक मुलाच्या विष्ठेचे दोन नमुने तपासायचे, गटारांचं पाणी तपासायचं, आणि आसपासच्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं. पुन्हा म्हणजे खरोखर पुन्हा पुन्हा.

रोटरीनं आजवर या कामाला अडीच अब्ज डॉलरहून अधिक दिले आहेत. गेट्स फाउंडेशन रोटरीनं उभ्या केलेल्या एका डॉलरमागे दोन घालतं. पैसा मोठाच आहे. तरी माझ्या मते क्लबची खरी मिळकत वेगळी आहे. त्यांचे सभासद त्याच गावात दुकान चालवतात, शाळेत शिकवतात. परका अधिकारी दारात आला तर दार लागतं, ओळखीचा माणूस आला तर निदान बोलणं होतं. उत्तर प्रदेशात अफवांमुळे घरं डोस नाकारू लागली, तेव्हा रोटरीनं उलेमांची समिती उभी केली. मौलाना स्वतः पालकांशी बोलले. दारं उघडली.

२००९ साली जगातल्या पोलिओग्रस्तांपैकी जवळपास निम्मे भारतात होते, ७४१. दोनच वर्षांनी, १३ जानेवारी २०११ला, हावड्याजवळ एका चिमुकलीला पोलिओ झाला. तिच्यानंतर भारतात कुणालाच नैसर्गिक, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूचा पोलिओ झाला नाही. तीन वर्षं वाट पाहून २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

नायजेरियाची वाट आणखी खडतर होती. २००३ साली उत्तरेकडच्या काही राज्यांत लसीवर बहिष्कार पडला आणि विषाणू तिथून अनेक देशांत पोचला. नंतर दोन वर्षं एकही रुग्ण नाही, म्हणून सगळे सुखावले. तेवढ्यात २०१६ साली तिथल्या बोर्नो राज्यात पुन्हा रुग्ण सापडले. हिंसाचारामुळे जिथं पथकं पोचू शकत नव्हती, तिथं विषाणू इतके दिवस तग धरून होता. आफ्रिका नैसर्गिक पोलिओतून मुक्त झाली ती २५ ऑगस्ट २०२० रोजी.

(दृश्य : महामार्गावरचा थांबा. बस थांबते. पेटी घेतलेल्या दोघी आत चढतात.)

आज नैसर्गिक विषाणू दोनच देशांत टिकून आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. रोटरीच्या मदतीनं पाकिस्तानात बस थांब्यांवर, टोलनाक्यांवर, सीमेवर लसीकरणाच्या चौक्या चालतात, कारण कुटुंबं सतत प्रवासात असतात. कराचीच्या वस्त्यांत पालक विचारतात, पाणी प्यायला नाही, आणि तुम्ही दरवेळी थेंबच घेऊन येता? हा राग रास्त आहे. म्हणून रोटरीनं तिथं सौरऊर्जेवर चालणारी जलशुद्धीकरण केंद्रं बसवली. लस पाजायला निघालेल्या बायका आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस या देशात मारले गेले आहेत. तरी दुसऱ्या फेरीला पेट्या पुन्हा निघतात.

२०२३ साली दोन्ही देशांत मिळून १२ रुग्ण होते. २०२४ साली ते नव्वदीपार गेले. शिवाय, लसीकरण जिथं तुटपुंजं असतं तिथं लसीतलाच क्षीण विषाणू पसरत पसरत पुन्हा बळ धरू शकतो. २०२४ सालीच गाझात असा रुग्ण आढळला, पंचवीस वर्षांनी. मोहिमेचं पहिलं उद्दिष्ट २००० साल होतं. ते चुकलं, पुढचंही चुकलं. क्लब थांबला नाही.

(दृश्य : संध्याकाळ. पेटीतला बर्फ वितळलेला. दोघी पायरीवर बसून कागद भरताहेत.)

आजची घरं मोजून झाली. तीन ठिकाणी कुलूप होतं. एका घरी बाळ झोपलेलं, आजी उठवू देईना. एका घरी आईनं सांगितलं, पोराला ताप आहे, चार दिवसांनी या.

दोघींनी पाचही घरांसमोर खूण केली. उद्या सकाळी पहिल्यांदा तिथंच जायचंय.