'इल्मॅटिक': ४० मिनिटांचा अल्बम आणि गॅरेजभर चोरीच्या कॉपी

थांबा, सुरू करण्याआधी हे बघा. (सीडी कॅमेऱ्याजवळ धरतो) दिसतेय? वर मार्करने 'रॅप हिट्स' लिहिलंय. कॉलेजला होतो तेव्हा वाशी स्टेशनच्या बाहेर फूटपाथवरून तीस रुपयांत घेतली होती, वीसला मागत होतो, नाही दिली त्याने. आत शंभरेक गाणी, एमपीथ्री, आणि त्यात अमेरिकन रॅपर नासचा 'इल्मॅटिक' अख्खा, पण क्रम सगळा गंडलेला. त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं की हा अल्बम 'हाफटाइम'ने सुरू होतो. ते पाचवं आहे हो!

तर आज ह्याच अल्बमबद्दल बोलू. म्हणजे काय भारी आहे वगैरे सगळेच बोलतात, मला बोलायचंय तो बनला कसा आणि आल्यावर काय झालं ते, कारण आज ज्याला सगळे देव्हाऱ्यात बसवतात तो आला तेव्हा फारसा विकला गेला नव्हता, आणि तो इतका छोटा आहे ना, ठाण्याहून पनवेल लोकल पकडली तर बेलापूरच्या आसपास संपतो, त्यात मला सीडी विकणाऱ्या भाऊच्या जातभाईंचा पण हात आहे.

आधी नास वाढला ती जागा समजून घ्या. क्वीन्सब्रिज. न्यूयॉर्कमध्ये नदीच्या अलीकडे, पलीकडे मॅनहॅटनचा झगमगाट. सरकारी वसाहत, १९३९ ची, ९६ बिल्डिंगी, तीन हजारांवर घरं आणि सगळी एकाच साच्यातली. आता मी वाढलो कोपरखैरण्याला, माथाडींच्या घरांत. सिडकोने एकसारखी घरं बांधून दिली, पत्ता म्हणजे सेक्टर आणि रूम नंबर, आणि 'मुंबईला चाललो' म्हणजे खाडी ओलांडायची. त्यामुळे मला ते क्वीन्सब्रिज लगेच डोळ्यासमोर आलं. पण उगाच हिरोगिरी नको, आमच्याकडे रात्री गोळ्या नव्हत्या चालत. तिथे ऐंशीच्या दशकात क्रॅकने, म्हणजे कोकेनच्या नशेने, पोरंच्या पोरं खाल्ली. १९९२ मध्ये नासचा जिगरी, इल विल, त्याला गोळी घालून मारलं, त्याच रात्री नासच्या सख्ख्या भावाला पण गोळी लागली, तो वाचला. अल्बममध्ये जी एक सावधगिरी ऐकू येते ना, सतत मागे वळून बघत चालल्यासारखी, ती स्टाइल म्हणून आणलेली नाहीये.

नास म्हणजे नासिर जोन्स, जन्म १९७३, आठवीनंतर शाळा बंद. १९९१ मध्ये मेन सोर्स नावाच्या ग्रुपच्या गाण्यात ह्याला एक वर्स, म्हणजे एक कडवं, मिळाला, वय १७, आणि त्या एका वर्सवर सगळं न्यूयॉर्क विचारायला लागलं की हा कोण. मग एमसी सर्च नावाच्या रॅपरने त्याचा डेमो कोलंबिया कंपनीत नेला, तिथे फेथ न्यूमन होत्या, त्यांनी करारावर सही घेतली. इथपर्यंत नेहमीची स्टोरी.

पुढे मजा आहे. तेव्हा बहुतेक अल्बमला एकच प्रोड्युसर, म्हणजे गाण्यांचं संगीत बनवणारा, किंवा एकच टीम असायची. इथे लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस., म्हणजे एका लग्नात पाच आचारी, आणि तरी जेवण एकाच हातचं लागतं. का? कारण सगळे जुन्या रेकॉर्डच खणत होते, त्यात जॅझ भरपूर, आणि सगळ्यांना पोरगा काय बोलतोय ते ऐकू यायला हवं होतं. पीट रॉकने 'द वर्ल्ड इज युअर्स'साठी अहमद जमालच्या १९७० च्या रेकॉर्डमधला पियानोचा एवढुसा तुकडा उचलला, तो फिरवत ठेवला, खाली ड्रम्स. बस. हूक, म्हणजे धृपद, पण स्वतःच गायला.

आणि 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड'. हे प्रीमियरने स्वतः सांगितलंय. बीट, म्हणजे मागचं संगीत, तयार, नास बूथमध्ये, हातात लिहिलेलं, आणि प्रीमियर काचेतून खुणा करतोय की घे, घे, उचल. नास माइकवर म्हणतो की हे सुरू कसं करायचं मला कळत नाहीये, आणि पुढच्याच सेकंदाला सुरू होतो आणि पूर्ण पहिला वर्स एका दमात, एका टेकमध्ये. मग थांबून विचारतो, बरं झालं का? ते 'कळत नाहीये' त्यांनी कापलं नाही, रेकॉर्डवर तसंच आहे, हेडफोन लावून ऐका. मी ह्या व्हिडिओचा इंट्रो अकरा वेळा घेतलाय, सांगून ठेवतो.

पाहुणा रॅपर अख्ख्या अल्बममध्ये एकच, एझी, तिसऱ्या गाण्यात. त्याच गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजतं, आपल्या बँडवाल्यांच्या ट्रम्पेटचा धाकटा भाऊ म्हणा. वाजवणारा ओलू दारा, जॅझवाला, नासचे वडील. कव्हरवरचा सात वर्षांचा नासचा फोटो पण त्यांनीच काढलेला. आमचे अण्णा मार्केटला माथाडी, संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज. एकदा मी हे गाणं स्पीकरवर लावलेलं, ते दारात उभे राहून ऐकत होते, म्हणाले, "हा शेवटी वाजवतोय तो कोण रे? पोरांचं बोलून होऊस्तोवर थांबला बघ." म्हटलं, त्याचे वडील आहेत. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि पाणी भरायला गेले.

आता चोरी. अल्बम बाहेर यायच्या आधीच त्याच्या कॉपी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरत होत्या. एमसी सर्च सांगतो की एका गॅरेजमध्ये ६० हजार कॉपी सापडल्या. ६० हजार! त्यामुळे जास्त गाणी करत बसण्यापेक्षा आहे ते आवरून बाहेर काढा असं झालं, इंट्रो धरून दहा ट्रॅक. १९ एप्रिल १९९४ ला आला, बिलबोर्डच्या विक्रीच्या यादीत बारावा, आणि पहिल्या आठवड्यात विकला किती, तर साधारण ६० हजार. म्हणजे दुकानांत आठवडाभर जेवढा खपला तेवढाच एका गॅरेजमध्ये पडून होता. मी ही सीडी हातात धरून हे सांगतोय, मला कळतंय.

रिव्ह्यूवाल्यांनी मात्र लगेच ओळखलं. 'द सोर्स' ह्या हिपहॉप मासिकाने पाचपैकी पाच माइक (त्यांचे स्टार म्हणा) दिले, नवख्या पोराच्या पहिल्या अल्बमला, परीक्षण लिहिणारी मिन्या ओ, ती पण पोरगेलीच. त्यावरून तेव्हा बराच राडा झाला. पण गल्ला काही हलला नाही, गोल्ड (पाच लाख कॉपी) व्हायला १९९६ उजाडलं आणि प्लॅटिनम (दहा लाख) २००१. दुसरा अल्बम पहिल्याच आठवड्यात एक नंबरला गेला, तर लोक म्हणाले की हा 'इल्मॅटिक' नाही. अरे मग तेव्हा घ्यायचा होता ना!

पुढचं पटकन. २०१३ ला हार्वर्डमध्ये नासच्या नावाची फेलोशिप, मग लायब्ररी ऑफ काँग्रेसने अल्बम जतन करायच्या यादीत घेतला. आणि आपल्याकडे २०१९ ला 'गली बॉय'च्या निर्मात्यांत नासचं नाव आलं आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील ह्या रेकॉर्ड कंपनीची भारतातली शाखा निघाली, पहिला सही झालेला रॅपर डिव्हाइन. अंधेरीचा.

ऐकायचा असेल तर शफल बंद करा, क्रमाने ऐका, माझ्यासारखं करू नका. बाकी मी परवा वाशीला गेलो होतो, तो स्टॉल नाहीये आता, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. सीडी अजून चालते, फक्त 'वन लव्ह'ला अडकते.