कपात नेमकं मावतं किती?

(दृश्य: ओटा. डिजिटल काट्यावर स्टीलचा रिकामा कप. दांड्यावर कोरलेलं : 240 मिली.)

दांड्यावर कोरलंय म्हणून आपण ते खरं धरतो. पडताळायला काटा, नळाचं पाणी आणि एक ड्रॉपर पुरतो. काट्याबद्दलच शंका असेल, तर वाण्याकडचं शिक्क्याचं अर्धा किलोचं वजन आधी त्यावर ठेवून बघावं.

कोरडा कप ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग काठोकाठ पाणी.

(दृश्य: कपाचा काठ, अगदी जवळून.)

फसगत होते ती इथे. पाणी काठाशी थांबत नाही, काठाच्या वर फुगून बसतं आणि तरी सांडत नाही. हा फुगवटा मापात धरायचा नाही. डोळा काठाच्या रेषेत आणायचा, शेवटचे थेंब ड्रॉपरने सोडायचे आणि पाणी सपाट दिसलं की हात आवरायचा. सरकारी प्रमाण मापांच्या तोंडावर यासाठीच सपाट काच सरकवतात.

आता काट्यावरचा आकडा. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे थंडगार पाण्याचं गणित. 30 अंशांना लिटरभर पाणी 996 ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे 240 मिलीच्या कपात साधारण 239 ग्रॅम यायला हवं. एका ग्रॅमसाठी कोणी डोकं शिणवू नये. पण काटा 228 दाखवत असेल, तर कप जवळपास 5 टक्क्यांनी लहान आहे.

तक्रार कुठे करायची? घरातल्या मापाला शिक्का लागत नाही. विक्रीच्या मापाला लागतो, आणि ते काम वैधमापन शास्त्र विभागाचं. पेट्रोल पंपावर 5 लिटरचं माप ठेवलेलं असतं, गिऱ्हाइकाला ते मागून पेट्रोल मोजून घेता येतं. स्वयंपाकघरात निरीक्षक आपणच.

(दृश्य: काचेचा मापाचा जग. कॅमेरा वरून खाली, पाण्याच्या रेषेत येतो.)

जगाचं उलटं. इथे पाणी काचेला धरून कडेने किंचित वर चढतं, मधे खोलगट राहतं. वाचायची ती खालची रेघ, तीही जग ओट्यावर ठेवून, स्वतः वाकून. हातात उचलून धरला की पाणी तिरकं होतं आणि आकडा हवा तसा वाचता येतो.

चमच्यांना वेगळी युक्ती. एका ग्रॅमच्या पायरीने मोजणारा काटा 5 मिलीच्या चमच्याला काय न्याय देणार? दहा चमचे पाणी ओतायचं आणि दहाने भागायचं. 50 ग्रॅमच्या आसपास आलं, तर चमचा बरोबर.

एवढं करूनही केक बसला, तर कपाला दोष देण्याआधी पाककृती कुठली ते बघा. अमेरिकेचा कप सुमारे 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. राइस कुकरसोबत येतो तो 180 मिलीचा, आणि तो आपल्याकडे बिनदिक्कत मैद्यालाही वापरला जातो. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही 20 मिलीचा, इतरत्र 15.

शिवाय मैदा म्हणजे पाणी नव्हे. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केलेला कप 120 ग्रॅमचा भरतो. तोच डब्यात खुपसून भरला तर 150 पर्यंत जातो. कपातल्या दोन-चार मिलींच्या चुकीचं यापुढे काय घेऊन बसलात! मैदा वजनानेच घ्यावा.

उपम्याला मात्र यातलं काही लागत नाही. वाटीभर रव्याला अडीच वाट्या पाणी. वाटी कुठलीही असो, दोन्हींना तीच हवी. सोडा, बेकिंग पावडर यांना तपासलेलाच चमचा.

(दृश्य: औषधाच्या बाटलीसोबतचं मापाचं टोपण, शेजारी चहाचे तीन चमचे, तिन्ही वेगळ्या आकारांचे.)

आणि पोराच्या खोकल्याच्या औषधाला यातला एकही नाही. त्याला बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा सुईविना सिरिंज.