उजवीकडून डावीकडे : परदेशातल्या उर्दूच्या वर्गात

(दृश्य : बाकावर स्पायरल वही. दोन हात ती पालथी करतात.)

वहीची तार नेहमी डावीकडे असते. या वर्गात पहिल्या दिवशीचं पहिलं काम म्हणजे वही पालथी घालायची, तार उजव्या हाताला घ्यायची आणि मागचं पान पहिलं धरायचं. दुसऱ्या रांगेतल्या डावखुऱ्या मुलाकडे बघा. आयुष्यभर लिहिलेलं स्वतःच्याच मनगटानं पुसत आलेला हा मुलगा इथे स्वच्छ लिहितोय. शाईचे डाग आज बाकीच्यांच्या हाताला.

(दृश्य : फळ्याजवळ शिक्षिका. मागे खिडकीतून मेपलची झाडं.)

अमेरिकेतलं एक विद्यापीठ. शिक्षिका छत्रपती संभाजीनगरची. तिकडे ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, इथे घरची उर्दू. ती आली आहे अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट कार्यक्रमातल्या परदेशी भाषा सहायक शिक्षक योजनेतून. फुलब्राइट शिष्यवृत्त्या १९४६ पासूनच्या. दुसऱ्या महायुद्धातलं उरलेलं सामान परदेशात विकून आलेल्या पैशांतून त्या सुरू झाल्या. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. आपल्याकडून या योजनेत हिंदी, उर्दू, बंगाली शिकवणारे जातात, आणि ते बहुधा मायदेशी इंग्रजीचेच शिक्षक असतात. मुदत नऊ महिने, व्हिसा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास शिकवायचं, शिवाय प्रत्येक सत्रात स्वतः दोन विषय शिकायचे. त्यातला एक तरी अमेरिकेविषयीचा हवा. पदवी मिळत नाही.

(दृश्य : फळ्यावर एक आडवी होडी. खाली एक टिंब उमटतं.)

अलिफपासून येपर्यंत सगळी अक्षरं एका दमात पाठ करून घेतली, तर आठवड्याभरात निम्मा वर्ग गळतो. म्हणून अक्षरं घराण्यांनी घ्यायची. ही होडी पाहा. खाली एक टिंब, म्हणजे नुक्ता, दिला की बे. खाली तीन, की पे. वर दोन दिले, की ते. वर तीन, की से. पाच मिनिटांत चार अक्षरं झाली. जोडीला उभा अलिफ घेतला की त्याच तासाला शब्द वाचता येतात : आप, बाप, पता, तब.

(दृश्य : वहीचा क्लोजअप. पेन अडखळतं.)

अडचण सुरू होते अक्षरं जोडताना. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली की होडी नाहीशी होते, उरतो एक बारीक दात. बे, पे, ते, से, नून, ये, सगळ्यांचा दात सारखाच. ओळख राहते ती फक्त नुक्त्यांवर. या मुलीनं 'बाप' लिहिलाय, पण घाईत पहिल्या अक्षराखालीही तीन नुक्ते पडले. वाचा आता : पाप. (वर्ग हसतो, तो आवाज राहू द्यावा.)

नऊ अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत : अलिफ, दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झे आणि वाव. त्यांच्यानंतर पेन उचलावंच लागतं. हे नऊ जण तोंडपाठ झाल्याशिवाय श्रुतलेखन देऊ नये, कारण मुलं अलिफला ओढून पुढच्या अक्षराशी बांधतात आणि तो लाम दिसायला लागतो.

मोबाइलचा कीबोर्ड हे सगळं आपोआप जोडून देतो. तिथेच घात होतो. मुलांना शब्द ओळखता येतो, लिहिता येत नाही. त्यात पडद्यावर बहुतेक वेळा नस्ख अक्षर असतं, एका सरळ रेषेत बसलेलं. उर्दूची छापील पुस्तकं नस्तालीकमध्ये. त्यात शब्द उजवीकडून उतरणीला लागतो, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात. नस्खवर वाढलेला विद्यार्थी पुस्तक उघडतो आणि कोरा चेहरा करतो. निदान पहिलं सत्र हातानं, कागदावर. याला पर्याय नाही.

(दृश्य : बोरू. चाकूनं तिरपा छेद. शाईची दौत.)

हा बोरू. आपल्याकडे मोडी याच लेखणीनं लिहीत. टोक तिरपं कापायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची, नाहीतर शाई उतरत नाही. चीर फार लांब गेली तर टोक फाकतं आणि रेघ दुहेरी येते. टोक कागदावर टेकवून जरासं ओढलं की चौकट उमटते, पत्त्यांतल्या चौकटसारखी. हाच नुक्ता आणि हीच मोजपट्टीही. नस्तालीकमधला अलिफ असे तीन नुक्ते उंच. बोरू मिळाला नाही तर चपट्या टोकाचा मार्कर चालतो. बॉलपेननं मात्र अक्षराची जाडी-बारीकी कधीच कळत नाही.

(दृश्य : ओठांसमोर टिशूपेपरची पट्टी. ती उडते.)

आता उच्चार. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीचा प हवेच्या झोतासह सोडतो, त्यामुळे त्याचा 'पल' ऐकू येतो 'फल'. ओठांपासून चार बोटांवर कागद धरायचा. 'पल'ला तो हलता कामा नये, 'फल'ला उडाला पाहिजे. जमत नसेल तर 'स्पिन' म्हणायला लावायचं आणि स हळूहळू खायचा. स नंतरचा इंग्रजी प कोरडाच असतो. र साठीही त्यांच्याच तोंडातला माल वापरावा : अमेरिकन माणूस 'वॉटर'मधला ट जिथे जीभ टेकवून झटकन सोडतो, तिथेच आपला र आहे.

(दृश्य : फळ्यावर चार शब्द, चार रंगांत.)

ज़मीन, ज़रा, ज़रूर, ज़ाहिर. कानाला सुरुवात एकच. लिहायला मात्र चार वेगळी अक्षरं : ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय. अरबीत यांतल्या प्रत्येकाचा आवाज निराळा. उर्दूच्या जिभेवर ते सगळे एक झाले, पण लेखणीनं वंशावळ सोडली नाही. मराठीनं हे चारही शब्द घेतले आणि एका 'ज'वर भागवलं. तर्कानं हे शिकवता येत नाही, शब्दागणिक पाठच करावं लागतं. उलट 'इस' आणि 'उस' लिहायला अगदी एकच : अलिफ, सीन. ज़ेर-पेश, म्हणजे इ आणि उ दाखवणाऱ्या खुणा, कोणी देत नाही. कोणता शब्द आहे ते वाक्यावरून कळायचं. घरात उर्दू बोलणाऱ्याला हा घोळ आहे हे ठाऊकच नसतं, त्याला विचारणारं कोणी भेटलेलं नसतं.

(दृश्य : शिक्षिका तक्ता लिहिते. एक हात वर.)

विद्यार्थ्याचा प्रश्न : 'मैंने किताब पढ़ी'. वाचणारा पुरुष, मग 'पढ़ी' का? 'असंच म्हणतात' हे उत्तर इथे चालत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. मराठीत नाही का, 'मी पोळी खाल्ली'. पण गंमत पुढेच आहे. शिक्षिकेच्या घरची बोली दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, आणि दखनीत हा 'ने' बऱ्याचदा गळतो. तिथे बाताँ, किताबाँ असं अनेकवचन, 'मैंच' मधला ठासून सांगणारा 'च' आणि 'नक्को', हे शेवटचे दोन थेट मराठीतले. म्हणजे मातृभाषा शिकवायला बोलावलेली बाई शिकवते ती पुस्तकातली भाषा, घरची नव्हे. पाठ्यपुस्तकात दखनी नाही. खरं तर उर्दू गज़लेला घडवणारा कवी वली औरंगाबादचाच. १७०० च्या सुमारास तो दिल्लीला गेला आणि तिथले कवी त्याच्या भाषेनं चकित झाले. शिक्षिकेनं आठवड्याच्या गप्पांच्या तासातली शेवटची दहा मिनिटं दखनीसाठी राखली आहेत.

(दृश्य : मेंदी, समोसे, रोषणाई. संगीत.)

मेंदीची रात्रही झाली. अशा कार्यक्रमाला वर्गापेक्षा जास्त माणसं येतात, आणि त्याच्या तयारीचे तास त्या २० तासांतूनच जातात.

(दृश्य : मे महिना. सुटकेस. रिकामा वर्ग.)

मुदत संपली की परतायचं. पुन्हा तिथे नोकरीसाठी किंवा स्थायिक व्हायला जायचं असेल, तर आधी दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात. पुढच्या ऑगस्टमध्ये वर्गात नवा सहायक.

(दृश्य : शेवटच्या परीक्षेचा पेपर. लाल पेन.)

श्रुतलेखन, दहा शब्द. 'बाप'मधल्या बेला एकच नुक्ता, बरोबर जागी. ज़मीन बरोबर. ज़रा बरोबर. ज़रूर खोडून पुन्हा लिहिलाय, बरोबर. ज़ाहिर मात्र ज़े घालून लिहिलाय.

(लाल पेन ज़ेवर थांबतं. आवाज बंद.)