100 गाड्या, 192 तक्रारी

(दृश्य: जालना रोडवरचं शोरूम. दसऱ्याची सकाळ. झेंडूच्या माळा, रांगेत उभ्या गाड्या.)

दसऱ्याचा मुहूर्त. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर आज एकामागून एक नव्या गाड्या बाहेर पडणार आहेत. ही पांढरी गाडी न्यायला अंबडकडचं कुटुंब आलंय. माणसं नऊ, गाडी पाच जणांची. सोयाबीनचे पैसे, थोडं सोनं गहाण आणि बाकी बँकेचं कर्ज. लाल कापड ओढलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात घेऊन फोटो. आजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सेल्समननं लगेच पेढा पुढे केला आणि हळूच सांगून टाकलं, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा.

(दृश्य: टीव्हीवरील जाहिराती, ट्रॉफ्या.)

दहापैकी दहाचा हा हिशेब डीलरच्या इन्सेंटिव्हसाठी. नव्या गाड्यांच्या दर्जाचं जे सर्वेक्षण जगभर गाजतं, ते वेगळं. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था 1987 पासून ते करते. नवी गाडी घेतलेल्यांना विचारायचं, पहिल्या 90 दिवसांत काय काय बिघडलं, काय खटकलं? सगळ्या उत्तरांतून प्रत्येक ब्रँडच्या वाट्याला एक आकडा येतो: 100 गाड्यांमागे किती तक्रारी. आकडा लहान, तर ब्रँड वर. भारतातही 1997 पासून बरीच वर्षं हे सर्वेक्षण झालं. इथे गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्या मालकांना विचारायचे.

अमेरिकेतली 2020 ची यादी बघा. सर्वांत वर, बरोबरीनं, डॉज आणि किया: 136. खाली ऑडी 225, लँड रोव्हर 228. टेस्ला 250, पण काही राज्यांत मालकांशी संपर्क साधायला कंपनीची परवानगी लागते आणि टेस्लानं ती दिली नव्हती, म्हणून तिला अधिकृत क्रमांक नाही. बहुतेक स्वस्त गाड्या वर, बहुतेक महागड्या तळाला. बातम्यांचे मथळे अर्थातच यावरच झाले.

(दृश्य: शेंद्रा एमआयडीसीचा रस्ता, कामगारांच्या बस, शिफ्ट सुटताना.)

यातली ऑडी आपल्या ओळखीची. शहराजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना 2001 पासून चालू आहे, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या ऑडी गाड्यांची जोडणी तिथेच होते. अमेरिकेतली ऑडी इथून जात नाही. त्यामुळे तो 225 चा आकडा या बसमधून उतरणाऱ्या पोरांच्या माथी कुणी मारू नये. आणि याच शहरात ऑक्टोबर 2010 मध्ये एका दिवसात 150 मर्सिडीज विकल्या गेल्या, सुमारे 65 कोटींच्या. घेणाऱ्यांपैकी कुणी सर्वेक्षणाचा तक्ता उघडून बघितला असेल, असं काही वाटत नाही.

(दृश्य: शोरूममागचं यार्ड. ट्रेलरवरून गाड्या उतरतात. हातात चेकशीट घेतलेला तंत्रज्ञ.)

कारखान्याच्या आत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. यार्डात होती. आणि खरं सांगायचं, तर गाडीचा दर्जा इथेच जास्त दिसतो.

ट्रेलरवरून उतरलेली गाडी लगेच गिऱ्हाइकाला देत नाहीत. आधी पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीपूर्वीची तपासणी. हा तंत्रज्ञ लातूरचा, आयटीआय झालेला. सुरुवात चासी नंबरपासून: 17 अक्षर-अंकांचा हा नंबर कागदाशी ताडून बघायचा, त्यातूनच गाडी कधी बनली तेही कळतं. मग बॅटरी. चार्ज पूर्ण असेल, तर मीटर 12.6 व्होल्टच्या आसपास थांबायला हवा. यार्डात महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी इथेच पकडली जाते. चाकातली हवा वाहतुकीसाठी मुद्दाम जास्त भरलेली असते. ती कमी करायची राहिली, तर गिऱ्हाईक पहिल्याच खड्ड्यात म्हणणार, गाडी कडक आहे हो. आता बघा, तो बॉनेटखाली टॉर्च मारतोय. ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल तर बघायचंच, पण आणखी एक गोष्ट शोधतोय. उंदीर. यार्डाला लागून शेत आहे आणि वायरिंग कुरतडलेली गाडी त्याच्या हाती याआधी आलेली आहे.

आता पत्रा. गाडी ट्यूबलाइटच्या रांगेखाली घेतलीय. दारावर उजेडाच्या सरळ रेघा दिसतात. रेघ कुठे वाकली, की तिथे पोचा. डोळ्यांना न दिसलेला पोचा बोटाला लागतो, म्हणून हा हात फिरवतोय. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, काचेचं रबर बसलंय का, सगळे स्विच, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, पुन्हा एकदा हॉर्न. चेकशीटवर सही त्याची. पुढे काही निघालं, तर पहिला फोन त्यालाच.

इतकं करूनही तक्रारी येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा याच्या हाताखालून गेलेल्या नसतातच.

(दृश्य: डॅशबोर्डचा स्क्रीन, त्यावर फिरणारं बोट.)

2003 साली अमेरिकेच्या यादीत तळाला होती हमर. इंजिन फुटत होतं का? नाही. मालकांची मुख्य तक्रार होती, गाडी पेट्रोल फार पिते. एवढी अवजड गाडी घेऊन ॲव्हरेजबद्दल तक्रार करणारा माणूस अमेरिकेतही भेटतो, हे ऐकून जालन्याच्या एका गॅरेजवाल्याला फार बरं वाटलं. फोर्ड 2010 मध्ये पाचवी होती, पुढच्याच वर्षी तेविसावी. मोठं कारण नवी टचस्क्रीन यंत्रणा. लोकांना ती वापरायला जड गेली.

सर्वेक्षणात प्रत्येक तक्रार एकच धरतात. गिअरबॉक्स गेला तरी एक, फोन जुळला नाही तरी एक. लग्नाच्या पंगतीत भाजी करपली आणि पत्रावळ वाऱ्यानं उडाली, दोन्ही एकाच वहीत, तसं. प्रश्नपत्रिका बदलली, की निकालही बदलतो: 2019 मध्ये सगळ्या ब्रँडची सरासरी 93 होती, 2020 मध्ये प्रश्न नव्यानं आखले आणि ती 166 झाली. एका वर्षात गाड्या एवढ्या बिघडलेल्या नव्हत्या. त्या वर्षीच्या तक्रारींपैकी जवळपास चौथा हिस्सा स्क्रीन, आवाजी सूचना, फोनची जोडणी यांचा होता. 2024 मध्ये विजेवरच्या गाड्यांना 266 तक्रारी, पेट्रोल-डिझेलच्यांना 180. आणि 2025 ची सरासरी 192.

तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांचं सर्वेक्षण हीच संस्था वेगळं करते. त्यात 2023, 2024 आणि 2025, तिन्ही वर्षी लेक्सस पहिली. वर आलेला ब्रँड पैसे भरून पुरस्काराचं चिन्ह जाहिरातीत लावतो, तळाला गेलेला पुढच्या मॉडेलची वाट बघतो.

(दृश्य: पुन्हा शोरूम. पांढरी गाडी, आत कुटुंब, खिडकीशी वाकलेला सेल्समन.)

आता गाडी समजावून द्यायची वेळ. मागे दुसऱ्या गाडीचा मुहूर्त टळतोय, म्हणून घाई. हा मोड, हे ॲप, हे कनेक्ट, हे ऑटो, बाकी मॅन्युअलमध्ये आहे सर. मॅन्युअल इंग्रजीत. गाडी चालवणार आहे तो धाकटा भाऊ मागे आजींना बसवतोय, त्यानं यातलं काहीच ऐकलेलं नाही. नारळ, हार, फोटो यांना भरपूर वेळ दिला. स्क्रीनला मिळाली जेमतेम काही मिनिटं. चाळीसगाव असो की किनवट, घरी पोचल्यावर विचारायला जवळ कोण असतं?

(दृश्य: सर्व्हिस सेंटर, पहिल्या फ्री सर्व्हिसची रांग. जॉबकार्ड लिहिणारा ॲडव्हायझर.)

पहिल्या फ्री सर्व्हिसची रांग. परतूरहून आलेले काका सांगतायत, डॅशवर एक पिवळा दिवा मधूनच लागतोय, पोरगं म्हणतं गाडी परत करा. ॲडव्हायझर गाडीत बसला. दिवा टायरमधल्या हवेचा. हवा भरली, यंत्रणा रीसेट केली, दिवा गेला. मग त्यानं काकांना शेजारी बसवून तेच बटण त्यांच्या हातानं दाबून घेतलं, दोनदा. जॉबकार्डावर त्यानं लिहिलं, दोष नाही. अमेरिकेतल्या फॉर्मवर हीच तक्रार मोजली गेली असती: एक.

रांगेतली पुढची गाडी. डावीकडे वळताना पुढून खट् असा आवाज येतो, मालक म्हणतात. ही लिफ्टवर घेतलीय. चाक काढलंय.