ब्राम्सच्या क्लॅरिनेट सोनाटात पानगळ कुठून ऐकू येते?

[सुरुवात थेट संगीताने. एफ मायनर सोनाटा, चौथी मुव्हमेंट, पहिली काही सेकंदं. मग कॅमेऱ्यावर.]

नमस्कार मंडळी. पियानोवर एकच सूर तीनदा, ठाम, टोल पडावेत तसा. आणि त्यामागून क्लॅरिनेट जे धावत सुटतं ते थांबायचं नावच घेत नाही. आता मला सांगा, हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर वाळकी पानं आली का? थकलेला, निरोपाच्या गोष्टी करणारा म्हातारा आला का?

नसेल आला, तर तुम्ही अल्पमतात आहात. जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सने 1894 साली क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा लिहिले. सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, आणि त्यातला एकेक भाग म्हणजे मुव्हमेंट. ओपस, म्हणजे रचनेचा क्रमांक, 120, नंबर एक आणि नंबर दोन. त्यांच्याबद्दल ऐकणाऱ्यांनी आजवर जे काही म्हटलंय ते वाचायला घ्या. सीडीच्या मागचा मजकूर, मैफलीची पत्रकं, रसिकांच्या गप्पा. सगळीकडे तेच: पानगळ, सांजवेळ, निरोप, मावळतीचं ऊन. जणू या संगीताला दुसरा ऋतूच नाही.

माझं म्हणणं असं, की यातली थोडी पानगळ सुरांत आहे आणि बाकीची सगळी आपण तारखांमधून ऐकतो. तारखा आधी बघू, म्हणजे भानगड कळेल.

[पडद्यावर ब्राम्सचं दाढीवालं छायाचित्र]

1890 मध्ये ब्राम्सने जी मेजरमधलं तंतुवाद्यांचं पंचक, म्हणजे पाच वादकांसाठीची रचना, पुरी केली आणि आता बस्स, असं मनाशी ठरवलं. वय सत्तावन्न. पुढच्या वर्षी, मार्च 1891 मध्ये, तो माइनिंगेनच्या दरबारी ऑर्केस्ट्राकडे गेला आणि तिथल्या रिखार्ड म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट त्याने मन लावून ऐकलं. गंमत बघा, म्यूलफेल्ट या ऑर्केस्ट्रात आला होता व्हायोलिनवादक म्हणून. क्लॅरिनेट तो स्वतःच शिकला आणि पुढे मुख्य क्लॅरिनेटवादक झाला. ब्राम्स त्याच्या सुरावर इतका लट्टू झाला, की त्याला ‘कुमारी क्लॅरिनेट’ म्हणायला लागला. त्याच उन्हाळ्यात क्लॅरिनेट असलेलं एक त्रिक आणि एक पंचक लिहून झालं. तीन वर्षांनी, 1894 च्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रियातल्या बाड इशल या गावी हे दोन सोनाटा.

आता त्या वर्षाच्या बातम्या. फेब्रुवारीत थिओडोर बिलरोट गेला. निष्णात सर्जन, आणि ब्राम्सचा जिवलग मित्र. त्याच महिन्यात हान्स फॉन ब्यूलो गेला, ज्याने याच माइनिंगेनच्या ऑर्केस्ट्राला नाव मिळवून दिलं होतं. एप्रिलमध्ये संगीताचा अभ्यासक फिलिप श्पिट्टा गेला. पुढे 1896 मध्ये पियानिस्ट क्लारा शुमान, ब्राम्सची जुनी मैत्रीण, गेली आणि एप्रिल 1897 मध्ये ब्राम्स स्वतः. या सोनाटांनंतर त्याने चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांसाठीच्या संगीतात, काहीही लिहिलं नाही.

एवढं कानावर पडल्यावर कोण मोकळ्या मनाने ऐकेल? पण एक लक्षात घ्या. आपल्याला 1897 माहीत आहे, ब्राम्सला माहीत नव्हतं. इशलमधला तो एकसष्ट वर्षांचा माणूस आजारी नव्हता. मित्र गेल्याचं दुःख त्याला होतंच, ते मी नाकारत नाही. पण तो स्वतःचा शेवट लिहायला बसलाय, ही आपण मागाहून चिकटवलेली गोष्ट.

[पियानोजवळ बसून, एक-दोन सूर वाजवत]

आता सुरांकडे या. नाव आहे ‘एफ मायनर’. मायनर म्हणजे, ढोबळमानाने सांगतो, शास्त्रीय संगीतवाल्यांनी रागावू नये, कोमल गंधाराचा रंग. मेजर म्हणजे शुद्ध गंधार. नावात मायनर दिसला की श्रोता आधीच हळवा होऊन बसतो. पण या सोनाटाच्या चारपैकी तीन मुव्हमेंट मेजरमध्ये आहेत! दुसरी ए फ्लॅट मेजर, तिसरी तीच, चौथी एफ मेजर. राहिली पहिली. ती खरोखरच मायनरमध्ये आहे, खवळलेली आहे, ब्राम्सने वर ‘अपासिओनातो’, म्हणजे आवेगाने, असं लिहूनच ठेवलंय. पण तीसुद्धा संपते मेजरमध्ये, अगदी हळू.

तिसऱ्या मुव्हमेंटवर जास्त बोलत नाही. ऑस्ट्रियाच्या खेड्यापाड्यातल्या तीन मात्रांच्या नाचाची चाल आहे, गोड आहे, ऐकून टाका.

दुसरीवर मात्र थांबू.

[क्लिप: दुसरी मुव्हमेंट, क्लॅरिनेटची पहिली ओळ]

ही ऐकून कुणी पानगळ म्हणालं तर मी वाद घालणार नाही. सूर पुन्हा पुन्हा खाली उतरतात, पियानो जेमतेम आधाराला असतो, आणि क्लॅरिनेट इतक्या हळू आवाजात वाजतं की वादकाचा श्वास ऐकू यावा. या पोकळ, आतल्या आवाजाला एक साधं भौतिक कारण आहे. सनईची नळी तोंडाकडून खाली रुंद होत जाते. क्लॅरिनेटची नळी जवळपास सगळीकडे सारख्याच व्यासाची, आणि रीडच्या, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्टीच्या, बाजूने बंद असल्यासारखी वागते. म्हणून सनईत वरच्या पट्टीत उडी मारली की तोच सूर एक सप्तक वर मिळतो. क्लॅरिनेटमध्ये मंद्र सा धरून मागची चावी दाबा, थेट मध्य सप्तकातला पंचम येतो! खालच्या सुरांमध्ये सम क्रमांकाचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे बारीक सूर, फार क्षीण असतात, आणि आपल्या कानाला तो आवाज पोकळ, दुरून आल्यासारखा लागतो. ब्राम्सने हा खालचा पट्टा मनसोक्त वापरलाय. म्हणजे पानगळीचा थोडा भाग नळीच्या आकारातून येतो म्हणायला हरकत नाही.

माझ्या नात्यातले एक काका पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आपल्याकडे बहुतेकांच्या कानात हे वाद्य तिथलंच आहे, रस्त्यावरचं, ट्रम्पेट आणि ताशाच्या वर चढणारं. किंवा मग मास्टर इब्राहिम यांच्या सिनेगीतांच्या जुन्या तबकड्यांमधलं. तर काकांना मी हा सोनाटा ऐकवला. ब्राम्स कोण, कधी गेला, काही सांगितलं नाही. दुसऱ्या मुव्हमेंटला म्हणाले, “एवढ्या हळू फुंकायचं म्हणजे पोटात ताकद पाहिजे. वरातीत हे कुणाला ऐकूच गेलं नसतं.” पहिलीबद्दल म्हणाले, “पियानोवाला याचं ऐकतच नाहीये, दोघं भांडतायत.” मी विचारलं, उदास वाटतं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. “उदास कसलं? तयारीचा माणूस आहे.”

एका काकांच्या मतावरून सिद्धांत मांडता येत नाही, कबूल. पण त्यांची ‘भांडतायत’ ही तक्रार मला फार मोलाची वाटते, कारण नवख्या श्रोत्यांची या सोनाटाबद्दलची मोठी तक्रार हीच असते. पियानो फार बोलतो. क्लॅरिनेट दबतं.

आपण मनात गायक आणि साथीदार अशी बैठक मांडून ऐकायला बसतो. क्लॅरिनेट मुख्य, पियानो मागे. इथे तसं नाहीच. पहिली मुव्हमेंट सुरू कोण करतं? पियानो, एकटा. क्लॅरिनेट मागून येतं, आणि आल्या आल्या मोठमोठ्या झेपा घेत खालून वर, वरून खाली फिरतं. ब्राम्स स्वतः पियानिस्ट होता आणि म्यूलफेल्टबरोबर हे तोच वाजवणार होता. तो स्वतःला साथीला कशाला बसवेल?

बाकी तक्रारीत तथ्य आहे. ब्राम्सच्या व्हिएन्नातल्या घरी श्ट्रायशर कंपनीचा 1868 चा पियानो होता. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडपेक्षा हलका, सूर पटकन विरणारा. तसल्या पियानोवर खालच्या पट्टीतले भरगच्च स्वरमेळ मोकळे राहतात. आजच्या पियानोवर तेच वाजवलं आणि पेडलवर पाय जरा जास्त राहिला, की क्लॅरिनेट बुडालंच. म्हणून पहिल्यांदा ऐकताना जुन्या बनावटीच्या पियानोवरचं एखादं रेकॉर्डिंग शोधा. भांडण मिटत नाही, पण दोघांचंही म्हणणं कळतं.

[पडद्यावर: फ्रँकफर्ट, नोव्हेंबर 1894]

सगळ्यात पहिल्या श्रोत्यांमध्ये क्लारा शुमान होती. नोव्हेंबर 1894 मध्ये ब्राम्स आणि म्यूलफेल्टने फ्रँकफर्टला तिला हे सोनाटा वाजवून दाखवले. ती पंचाहत्तर वर्षांची होती, आणि ऐकण्याचा त्रास तिला बरीच वर्षं होता. चाळीस वर्षांचा स्नेह, समोर ब्राम्स पियानोवर. माझ्या मते या संगीतातल्या निरोपाची जी काही खरी जागा आहे ती त्या खोलीत आहे. हे माझं मत हं, स्वरलिपीत तसं काही लिहिलेलं नाही. जाहीर मैफल त्यानंतर, जानेवारी 1895 मध्ये व्हिएन्नात. त्याच वर्षी लंडनमध्ये म्यूलफेल्टबरोबर पियानोला होती फॅनी डेव्हिस, क्लाराचीच शिष्या.

आणि सगळे भारावले होते असं मुळीच नाही. लंडनमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ, पुढे नाटककार म्हणून गाजलेला, काही वर्षं आधी संगीतसमीक्षा लिहायचा. 1892 मध्ये याच म्यूलफेल्टसाठी लिहिलेल्या पंचकाची त्याने यथेच्छ टर उडवली, ब्राम्सच्या सुरांची तुलना ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टनच्या शब्दांच्या पुराशी केली. म्हणजे हा माणूस बोलतो फार, सांगत काही नाही. मला हे पटत नाही. तरी पानगळीच्या दहा परिच्छेदांपेक्षा शॉचा चिडलेला कान मला जवळचा वाटतो, कारण तो त्याच्यापुढे वाजलेल्या सुरांबद्दल बोलतोय.

[कॅमेऱ्याच्या जरा जवळ येऊन]

आता थोडं भांडणाचं. क्लॅरिनेटमध्ये सूर कंपित करायचा का? जर्मन परंपरेत सूर सरळ ठेवतात. कार्ल लाइस्टर ऐका, पूर्वी बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात होता, सूर ताठ, स्वच्छ. उलट अमेरिकन रिचर्ड स्टोल्ट्झमन सुराला गळ्यासारखं हलवतो. पियानिस्ट रिचर्ड गूडबरोबरच्या त्याच्या या सोनाटांच्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं होतं. लाइस्टरचे चाहते स्टोल्ट्झमनला भावुक म्हणतात, स्टोल्ट्झमनचे चाहते लाइस्टरला कोरडा. आणि म्यूलफेल्ट, जो मुळात व्हायोलिनवाला, तो सूर कंपित करायचा असं त्याला ऐकलेल्यांच्या आठवणींवरून सांगतात. त्याचं रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे वाद मिटायचा नाही. मी दुसरी मुव्हमेंट लाइस्टरची ऐकतो. कंप नसला की ते खाली उतरणारे सूर आपोआप उतरतात, कुणी हात धरून उतरवल्यासारखे वाटत नाहीत.

राहिले व्हायोलाचे, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या भावंडाचे, भक्त. ब्राम्सने स्वतःच या दोन्ही सोनाटांची व्हायोलासाठी आवृत्ती केली, काही ठिकाणी सप्तक बदलून, काही ठिकाणी दोन तारा एकदम वाजवायला लावून. आज व्हायोला शिकणाऱ्याला हे टाळून पुढे जाताच येत नाही, आणि बरेच श्रोते शपथेवर सांगतात की हे मूळचं व्हायोलाचंच. दुसऱ्या, ई फ्लॅट मेजर सोनाटाच्या सुरुवातीला त्यांचं म्हणणं मलाही पटतं. तारेवर तो सूर जास्त ऊबदार लागतो. पण पहिल्याच्या शेवटच्या मुव्हमेंटमध्ये नाही. तिथे जी चपळाई लागते ती फुंकेची आहे. व्हायोला धावतो, क्लॅरिनेट उड्या मारत जातं.

आणि 1986 मध्ये इटालियन संगीतकार लुचानो बेरिओने पहिल्या सोनाटातला पियानो काढून तिथे अख्खा ऑर्केस्ट्रा बसवला. पियानो फार बोलतो म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं, म्हणजे पियानो किती कमी बोलत होता ते समजेल.

खाली लाइस्टर आणि स्टोल्ट्झमन दोघांच्या लिंका आहेत, व्हायोलाचीही एक टाकली आहे. चौथ्या मुव्हमेंटपासून ऐकायला सुरुवात करा, मग पहिलीकडे जा.